शेवाळ पचत नाही म्हणून

तीर्थरूप आईस,
इतक्या लांबून वाकून नमस्कार. मी मजेत आहे. पोट बिघडलं होतं, आता बरंय. कपडे जरा सैल झालेत, इतकंच.

हे बोटीवर जातात, मी शेडमध्ये समुद्राचं शेवाळ दोऱ्यांवर वाळत घालते. दुपारी सगळ्या बायका तेच कच्चं, मिटक्या मारत खातात. मी तुझं ऐकून तीन पाण्यांनी धुते, रटरटा उकळते, तरी मला पचत नाही!

पोट दाखवायला गेले, तर डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "शेवाळ पचवतात ते आतड्यातले जंतू. इथल्यांच्या जंतूंनी ती कला कच्च्या शेवाळावरच्या समुद्री जंतूंकडून उचलली, तीही पिढ्यान्‌पिढ्या. तुमच्यात कुठून येणार?"

मी विचारलं, "मग माझ्यातले आले कुठून?"

"पहिले बरेचसे आईकडून, जन्मतानाच."

आई, मला तिथेच रडू फुटलं. तीन महिने वाटत होतं, इथे माझं माहेरचं कुणीच नाही.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा वेळेवर जेवतात ना?

शेवाळ सोडलंय. साधा भात खाते. आता ताटावर बसले की मनातल्या मनात म्हणते, "माहेरची मंडळी, या जेवायला."

तुझीच,
धाकटी