जनरलसाहेब ऊर्फ नवरदेव

७ नोव्हें., शुक्र.
शाळेत शिकवून आले ती थेट बाबांची टाय बांधायला. टाय, ब्लेझर, पॉलिशचे बूट, त्याशिवाय चहाचा कप हातात घेत नाहीत. बोटं थरथरतात, म्हणून गाठ माझ्याकडे. फौज सोडून जमाना झाला, जनरलपण उतरत नाही. जीव विटला माझा.

९ नोव्हें., रवि.
गवईकाका आले, बार्शीटाकळीहून, सीताफळं घेऊन. फौजेत बाबांची जीप चालवायचे. फाटकातून बाबा दिसले आणि जुन्या सवयीनं ओरडले, "हुशार रे पोट्टेहो, नवरदेव आले!"
जवानांनी पाठीमागे ठेवलेलं नाव. सदा नटलेले, ताठ, तोंडातून शब्द नाही, म्हणून. बाबांच्या कानावर आजवर कुणी येऊ दिलं नव्हतं. काका पांढरेफटक, चहासुद्धा न घेता सटकले. मला हसू आलं होतं. बाबांकडे पाहिलं...

१० नोव्हें.
टाय नको म्हणाले. ब्लेझरही. सुटले, असं वाटायला हवं होतं.

१३ नोव्हें.
पायजम्यात, भिंतीकडे तोंड करून. दोन घासांवर ताट सारतात. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही नाही. असे खंगत जाणार? भीती वाटते. काकांना फोन केला.
"ताई, माह्या जिभेले हाड नाही. साहेबाले कोन्या तोंडानं भेटू?"
"हसायचे का सगळे?"
"हासत तं होतो, खोटं काहून बोलू? पन चिखलात आमी खचून बसलो असलो, आन् हा मानूस इस्त्रीच्या कपड्यात समोर उभा दिसला, का वाटे, आज आपल्याले काही होत नाही."
बाबांना जसंच्या तसं सांगितलं.

१५ नोव्हें.
रात्रीच्या भाकरीवर एकच वाक्य: "त्याला म्हणावं, समोर येऊन सांग."
काका फोन उचलत नाहीत. शेवटी काकूंनी घेतला. "सांगतो त्याईले. पन लय लाजले जी ते."

१६ नोव्हें., रवि.
सकाळीच टाय मागितली! गाठ दोनदा सोडायला लावली. मी कुरकुरले नाही.
व्हरांड्यात बसलेत, फाटकाकडे तोंड. काकांची अकोल्याची बस केव्हाच येऊन गेली असेल. ताटं झाकून ठेवलीत. घामाघूम झाले, म्हणून म्हटलं, "बाबा, ब्लेझर तरी काढा."
"मग तो हाक कशी मारेल?"
फाटक उघडंच ठेवलंय.