डोळ्याखाली चेंडू लागला ते वर्ष

बुसैतीन, बहारीन
२ मार्च १९९३

चि. मयुरेशास आईचे अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू तीनदा 'ठीक आहे' म्हणालास आणि तिन्ही वेळा शब्द तोंडातच अडखळले. मागून तुझा रूममेट डॉक्टरांचं काहीतरी बोलत होता. विचारलं, तर 'इंशाल्ला, मग सांगतो' म्हणून फोन ठेवलास. बाबा म्हणतात, सर्दी असेल. पण अस्करच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून आले की बूट काढायच्या आधी तुझा फोन आला का विचारतात. खरं काय ते लिही. अक्षर वाईट आलं तरी चालेल, ते तसंही वाईटच आहे.

वाट पाहणारी,
आई

अमेरिका, १३ मार्च १९९३

ती. आईस सा. न. वि. वि.

फोनवर खोटं बोललो, म्हणून लिहितो. बेसबॉलच्या मॅचमध्ये बॅटिंग करताना चेंडू डाव्या डोळ्याखाली लागला. गालाचं हाड मोडलंय. चार दिवस त्या डोळ्याला धुरकट दिसत होतं, आता स्वच्छ दिसतं. डॉक्टर म्हणतात, एप्रिलअखेर खेळता येईल.

चिडू नकोस. यंदा मी दहातल्या चार वेळा चेंडू मारून बेसवर पोहोचतोय. बेसबॉलमध्ये दहात तीन जमले तरी पुष्कळ. तिथे बहारीनमध्ये हमद टाउनच्या मैदानात अमेरिकन मुलांनी मला बॅट धरायला शिकवली, तेव्हा तूच पाणी घेऊन बसायचीस ना? मी खेळणार आहे.

बाबांना नमस्कार. माया कमी करू नये.
मयुरेश

बुसैतीन, २६ मार्च १९९३

चि. मयुरेशास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांनी वाचून दाखवलं. शेजारच्या इशरतच्या ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाबा तेच पत्र घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, पत्र बघून डोळा कसा तपासू? बाबा म्हणतात, मुलगा वीस वर्षांचा आहे, त्याला अडवायचं नाही. मीही अडवत नाही. जप.

आई

अमेरिका, ६ जून १९९४

ती. आईस सा. न. वि. वि.

शेवटची मॅच झाली. चार वर्षांची माझी सरासरी कॉलेजच्या इतिहासात सगळ्यात जास्त आहे! पेपरातलं कात्रण सोबत. फोटोत गालावर खड्डा दिसतोय, ती खळी समज. आता नोकरी शोधतो.

तुझा, मयुरेश

बुसैतीन, ४ सप्टेंबर १९९९

चि. मयुरेशास अनेक आशीर्वाद.

पाच वर्षांनीही तुझा विक्रम मोडला नाही आणि कॉलेज तुझं नाव सन्मानाच्या भिंतीवर लावतंय, हे वाचून बाबा अख्ख्या बिल्डिंगला सांगून आले. समारंभाला यायला आम्हा दोघांना व्हिसा मिळाला, बाबांची लीवही मंजूर झाली. पण तुझ्या कोचना भेटण्याआधी एक कबूल करते. तुला अडवत नाही असं लिहिलं, त्याच आठवड्यात मी त्यांना पत्र पाठवलं होतं, की माझ्या मुलाला खेळवू नका. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं, की मुलालाच विचारतो. पुढे काय झालं, ते विचारायचं धाडस मला झालं नाही. रागवायचं असेल तर मी येण्याआधी रागावून घे.

तुझी आई

अमेरिका, १५ सप्टेंबर १९९९

ती. आईस सा. न. वि. वि.

कोचनी तुझं पत्र हातात आलं त्याच दिवशी मला दाखवलं होतं. विचारलं, काय करू? सांगतो म्हणालो आणि तीन दिवस बॅटला हात लावला नाही. डोळा बरा होता, पण सरावात चेंडू नुसता समोरून आला तरी भीतीने माझं पाऊल मागे पडायचं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आई नको म्हणते, एवढं बोललो असतो तर खलास, विषय संपला असता, कोणी हसलंही नसतं. चौथ्या दिवशी बॅट घेऊन उभा राहिलो. पहिल्या चेंडूला डोळे मिटले. दुसऱ्यालाही मिटले. तिसरा मारला.

समारंभात मला दोन मिनिटं बोलायचंय. हेच सांगणार आहे. तू पुढच्या रांगेत बस.

नमस्कार, बाकी भेटीत.
मयुरेश