घरचे डोळे

१३ जुलै १९९८
औरंगाबादला पोचले. विद्यापीठात फोटोग्राफी आणि चित्रपटाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, हे अजून खरं वाटत नाही. आमच्या सोयगावच्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिलीच. एसटीत बसवताना माय म्हणाली, नीट शिक, उगं घाई करू नको. वसतिगृहाच्या खिडकीतून लेण्यांचा डोंगर दिसतो. तिघींत मिळून एक कॅमेरा आहे. मी आधी पट्टा गळ्यात घालते, मगच तो हातात घेते.

२८ जुलै
डार्करूम काकासाहेब सांभाळतात. पूर्वी त्यांचा शहागंजात स्टुडिओ होता. खेड्यांत पुष्कळांचा फोटो माणूस गेल्यावरच निघायचा. मिटलेल्या पापण्यांवर काकासाहेब ब्रशनं उघडे डोळे काढून द्यायचे, सगळ्यांना एकाच कॅलेंडरवरचे. म्हणाले, आमच्या दुकानातले समदे मेलेले सख्खे भाऊ दिसायचे. वर्ग हसला. मला तो हलगर्जीपणा वाटला.

२० ऑगस्ट
मायनं माझ्या वडिलांचा, बापूंचा फोटो पाठवलाय. एकुलता एक, तोही ते गेल्यावर खुर्चीत बसवून काढलेला. मी तेव्हा दोन वर्षांची होते. पितरांच्या आधी डोळे उघडून पाहिजेत, असा निरोप आहे. काकासाहेब रजेवर गेलेत. सर सांगतात, अंदाजानं काही काढू नका, समोर बघून काढा. माय नेहमी म्हणते, तुझे डोळे हुबेहूब त्यांचे. म्हणून आरसा समोर ठेवला. चार दिवस लागले.

६ सप्टेंबर
पोस्टानं पाठवलेला फोटो काल घरच्या भिंतीवर लागला. शेजारच्या चतुराबाईंच्या घरून माय फोनवर आली. म्हणाली, सोळा वर्सांनी बघितलं गं त्यांनी माझ्याकडं. दिवसभर बरं वाटलं.

९ सप्टेंबर
कॅमेऱ्याला डोळा लावला आणि समोरचा गुलमोहर गेला. आमचं घर दिसलं. चूल, भाकरी थापणारी माय. सगळं वरून, भिंतीवरच्या खिळ्याच्या उंचीवरून. खालच्या कडेला झेंडूचा हार. आवाज नाही. मी नेहमीसारखा उजेड मोजला, बटण दाबलं. फिल्मवर गुलमोहरच आला.

१४ सप्टेंबर
आता कॅमेराही लागत नाही. दिवसातले तीन-चार तास घरच दिसतं. जिना मोजून उतरते, बत्तीस पायऱ्या. काकासाहेब रजेवरून आले. कुणाचे डोळे बघून काढले, असं विचारलं. सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, पोरी, कॅलेंडरचे उगंच काढत होतो व्हय? जित्याचे डोळे दोन ठिकाणी राहत नाय. फोटो हाय तसा आण, ओल्या कापसानं रंग उतरवतो. कुणाला खरडू मात्र देऊ नको.

१६ सप्टेंबर
चाचपडत फोनपर्यंत गेले. माय घाबरेल म्हणून एवढंच सांगितलं, डोळे नीट जमले नाहीत, फोटो घेऊन ये. खोटं नाही ते. खरडण्याचं बोलले नाही. तिच्या मनात नसलेलं कशाला घालायचं? ती म्हणाली, एवढ्यासाठी तुझा अभ्यास कशाला बुडवायचा, बघते मी.

१८ सप्टेंबर
आता फक्त घर. वही बोटांनी चाचपून लिहिते. ओळी एकमेकींवर जात असतील.

माय डब्यावर चढली. फोटो उतरवला. मला मांडीवर घेतलं.

काच काढली. इतक्या जवळून तिला कधी — कपाळावरचं गोंदण, पापणीला राख —

पदरानं पुसतेय. ओठ हलतात. अभ्यास, म्हणत असेल.

शिवणाच्या डब्यातलं ब्लेड.

उठायला हवं. फोन खाली आहे. बत्तीस पायऱ्या. हात लिहितोच आहे.

माय, ते बापूंचे नाहीत, ते —

फुंकर मारली. हसतेय. डावा आधी