काशीदच्या विहिरीचं पाणी

अलिबाग,
७ मे २०२५

चि. दत्तूस शकूताईचे आशीर्वाद, आणि आजोबा झाल्याबद्दल थोडा आदरही.

पत्र घेऊन येणारी सादिया म्हसळ्याच्या कॉलेजात शिकवते. तिला चहा दे. चांगला उकळ, तुझा नेहमीचा घाईचा नको.

इथे प्राध्यापकांचं शिबिर चालू आहे. पोरांना डीएनएचे प्रयोग शिकवण्याआधी ते यांना शिकवायचे. बावीस विद्वान, पण पिपेट धरतात पूजेच्या पळीसारखी. प्रत्येकाने गावचं पाणी आणायचं, त्यात विषमज्वराचा जंतू शोधायचा. सापडला तर जेलच्या पारदर्शक वडीवर पट्टी उजळते. शुद्ध पाण्याचा नमुना म्हणून मी दरवेळी आपल्या काशीदच्या घरच्या विहिरीचं पाणी ठेवते. ‘आमच्याकडचं गंगोदक’ म्हणून मिरवतेही.

जानेवारीच्या शिबिरात सादियाच्या हातून त्या गंगोदकाला पट्टी आली.

“हात धुतलेस का गं?” मी सर्वांदेखत विचारलं. सगळे हसले.

“मॅडम, पुन्हा करून बघू?”

“आधी हात धू.”

जेल मी टाकून दिलं.

गेल्या आठवड्यात पुन्हा तीच पट्टी. तिघांकडून करवून घेतलं, मग स्वतः केलं. बशीत जंतू वाढतो का पाहिलं. वाढला. सादिया याही शिबिराला आली आहे. जानेवारीतल्या जेलचा फोटो तिने मोबाईलवर जपून ठेवला होता, तो फक्त माझ्यापुढे धरला.

दत्तू, तुझ्या घरी पंधरा वर्षं स्वयंपाक करणाऱ्या आवडाबाई मार्चमध्ये तापाने गेल्या. “वय झालं होतं,” तू म्हणालास. मी मान डोलावली. तेव्हा मला ती पट्टी आठवली होती.

परवा विहिरीचं सांगितलं, तर फोनवर ओरडलास, “तुझी लॅब माझ्या दारात आणू नको! रविवारी बारसं हाय, दोनशे माणूस येणार!” आणि फोन ठेवलास. म्हणून हा कागद. दोनशे माणसांचं पन्हं कशात कालवणार आहेस? आणि प्राप्ती, तुझी ओली बाळंतीण सून, तिचा तांब्या रोज कुठून भरतो?

शनिवारी टँकर येईल, मी सांगितलाय. ग्रामपंचायतीला उद्या कळवते. तू फक्त विहिरीच्या पंपाची चावी सादियाच्या हाती दे. नाही दिलीस, तर बाळाचं नाव ठेवण्याआधी मी हे पत्र पाहुण्यांना वाचून दाखवीन. आवडाबाईंच्या ओळींसकट.

जानेवारीत जिने गप्प बसायला नको होतं, ती
तुझी शकूताई