बगळा चालू ठेवला आहे

प्रिय धाकट्या,

आईचा कॉम्प्युटर दुरुस्त झाला. आता बटण दाबल्यापासून एक मिनिट दहा सेकंदांत तो कामाला लागतो. आधी सहा मिनिटं चाळीस सेकंद लागायचे. तेवढ्यात आई चष्मा पुसायची, केस सारखे करायची, आणि तुझी लेक पडद्यावर येईपर्यंत खुर्चीतच पेंगायला लागायची. ही कटकट एकदाची गेली, हे तुला कळवायला हवं होतं. मशीन तू दिलेलं, तूच बसवलेलं, बाहेरच्या खोलीत आईच्या खाटेसमोर कुठे ठेवायचं तेही तूच ठरवलेलं.

दुरुस्तीची गोष्ट काढली तेव्हा तू फोनवर काय म्हणालास ते माझ्या लक्षात आहे. "दादा, त्यात हात घालू नकोस. तो वजनकाटा नाही." ताईने ते ऐकलं, ती हसली, मीही हसलो. हसण्यावारी न्यायची सवय मला जुनी आहे. तू कॉलेजात गेलास आणि मी दुकानात बसलो, तेव्हापासूनची. पण तीस वर्षं मी लोकांचे काटे खोलतोय आणि एकाही कारखान्याने मला ते शिकवायला बोलावलं नव्हतं. जे आलं ते खोलून, बिघडवून, पुन्हा जुळवून आलं. तेव्हा हात घातला.

काटा दुरुस्तीला आला की मी आधी त्यावर काहीच ठेवत नाही. रिकामं पारडं शून्यावर उभं राहतं का, एवढंच बघतो. कॉम्प्युटरचंही तेच केलं. सगळं मिटवलं, एकही खिडकी उघडी ठेवली नाही, आणि आत किती धावपळ चालली आहे ते दाखवणारा तक्ता उघडला. काहीही करत नसताना मशीन तीस टक्के राबत होतं. पाठीमागे गुपचूप चालणारे एक्केचाळीस प्रोग्राम होते. आईला लागतात तीन: तुमच्याशी बोलायचा, गाणी ऐकायचा आणि पत्त्यांचा डाव.

मी वहीत तीन रकाने आखले. हे काय आहे, हे कोणी बसवलं, बंद केलं तर काय अडेल. रोज सकाळी दुकानात जाण्याआधी एकच प्रोग्राम बंद करायचा, मशीन बंद करून चालू करायचं, आणि दिवसभर आईला विचारत राहायचं. एका दिवसात दोन नाहीत. दोन स्क्रू एकदम सैल केले तर काटा कुठल्याने हलला ते कळत नाही. घरात कधी नव्हताच अशा प्रिंटरची वाट बघत बसलेला एक होता, तो पहिल्या दिवशी गेला. व्हायरस पकडणारे दोन होते आणि ते दिवसभर एकमेकांनाच पकडत होते, त्यातला एक गेला. हवामान सांगणारा गेला. आई खिडकीतून बघते. एकदा माझीही चूक झाली. नावावरून फालतू वाटलेला एक बंद केला आणि आवाजच गेला. आईला वाटलं तिला ऐकू येईनासं झालं. दुपारभर ती घाबरून बसली होती आणि मला सांगायला लाजत होती. तो मी पुन्हा चालू केला आणि वहीत लाल शाईने माझ्या नावावर चूक लिहिली. मी माझ्या चुका लिहितो.

एकोणिसाव्या दिवशी मशीन शून्याच्या जवळ आलं. तीन टक्के. पण आई म्हणाली, संध्याकाळच्या चहाच्या आधी तो पंखा अजून घरघरतो रे. मी दोन दिवस दुकान लवकर बंद केलं आणि समोर बसून राहिलो. चार वाजून काही मिनिटं झाली की तीनचे चाळीस टक्के, पंख्याची घरघर, दोन-तीन मिनिटं, मग पुन्हा तीन. एक दिवस झालं तर धूळ म्हणता येईल. रोज एकाच वेळी शून्य हलत असेल, तर पारड्यावर कोणीतरी बोट ठेवतंय.

तक्त्यात त्या वेळी वर चढणारी ओळ कुठली ते पाहिलं. इतर नावं कशी असतात ते तुला सांगायला नको, अर्धी अक्षरं, अर्धे आकडे. या ओळीचं नाव इंग्रजी अक्षरांत होतं, पण शब्द आपला होता. बगळा.

आधी मला हसूच आलं. खरंच. बाबा दुपारी झोपले की मी त्यांचा रेडिओ उचलायचो आणि मागच्या ओट्यावर खोलून बसायचो. तू दाराच्या फटीशी एका पायावर उभा. बगळा. हा शब्द आईला माहीत नव्हता, ताईलाही नाही, आजही नाही. बाबांनी कूस बदलली की तू खोकायचास आणि मी झाकण लावायचो. बघायचं आणि खोकायचं, एवढंच बगळ्याचं काम. त्या चार उन्हाळ्यांत तू एकदाही खोकायला चुकला नाहीस. आज मी जे काही आहे ते तुझ्या त्या खोकल्यामुळे आहे, हे मी कितीतरी गिऱ्हाइकांना सांगितलं आहे.

नाव देताना तुझ्या मनात काय होतं? दादा हा तक्ता कधी उघडणार नाही, उघडला तरी त्याला वाचता येणार नाही, असंच ना?

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. कॅमेऱ्याच्या काचेशेजारी जो बारीक दिवा आहे, त्यावर तू जाताना काळी चिकटपट्टी लावली होतीस. आईच्या डोळ्यांवर उजेड येतो म्हणालास. मला वाटलं, किती काळजी करतो पोरगा. आणि गेल्या महिन्यात तू मामांना आणि ताईला बोलावून घेतलंस, खिशातून कागद काढलास आणि वाचलास. कुठल्या सोमवारी मी आठ वीसला घरी आलो, कुठल्या शुक्रवारी आईने दुपारी काही खाल्लं नाही, कधी औषधाची डबी संध्याकाळपर्यंत तशीच राहिली. मामा माझ्याकडे बघत नव्हते. ताई म्हणाली की दादाचं वय झालं, त्याच्याच्याने होत नाही. आठ वीस खरं आहे, तेही सांगून टाकतो. त्या दिवशी काम संपलं होतं. मी दुकानात नुसता बसलो होतो, कारण घरी जायला अंगात त्राण नव्हतं. हे तुझ्या कागदात नव्हतं. काचेतून तेवढं दिसत नाही.

त्या दिवशी मी काय केलं ठाऊक आहे? मला वाटलं, शेजारच्या काकूंनीच तुला सगळं सांगितलं. दुसरं कोण सांगणार? मी त्यांच्या दारात उभा राहून नको ते बोललो. ज्या बाईने माझ्या मागे आईला रोज दुपारी विचारलं, तिला मी चहाडखोर म्हणालो. पाच आठवडे त्या आमच्या घरी आल्या नाहीत. आई एकटी राहू लागली, ती तेव्हापासून. त्याचीही नोंद तुझ्या कागदात पुढच्या वेळी आली असती. परवा मी त्यांच्याकडे गेलो आणि हात जोडले. त्या म्हणाल्या, "आधी आईंना इकडे पाठवा, मग बघू तुमचं." त्याने जास्त लागलं.

आता मुख्य मुद्दा. तुझा बगळा नोंद ठेवतो. कधी उघडला, कधी मिटला, तारीख, तास, मिनिट, सगळं एका फाइलमध्ये. तू ती पुसायला विसरलास, किंवा ती असते हेच तुला माहीत नसेल. शिकलेल्या माणसांचं असं होतं, त्यांना खोलून बघायची सवय नसते. मी ती वहीत उतरवून काढली. सात महिन्यांत तू एकशे ब्याण्णव वेळा आईला पाहिलंस, बहुतेकदा चारला, कधी दुपारी जेवणाच्या वेळी, कधी रात्री. फोन केलेस अकरा.

आई पडली तो मंगळवार. चार वाजून नऊ मिनिटांनी उघडला. एरवी दोन-तीन मिनिटांत मिटतोस. त्या दिवशी मिटला चार एकोणपन्नासला. माझ्या दुकानाच्या वहीत शेवटचा काटा गिऱ्हाइकाला दिल्याची वेळ चार पस्तीस आहे आणि दुकानापासून घर चौदा मिनिटं. म्हणजे मी दार उघडलं आणि तू मिटलंस. आईने मला आणि डॉक्टरांना सांगितलं की आत्ताच पडले. मी सगळ्यांना दहा-पंधरा मिनिटं सांगत होतो. त्या बैठकीत तू बोट उगारून म्हणालास, "चाळीस मिनिटं आई जमिनीवर होती, दादा. चाळीस." मी खाली मान घातली. कोणीच विचारलं नाही की याला कसं कळलं. मीसुद्धा नाही.

माझा नंबर तुझ्याकडे होता. काकूंचा होता. दोन भिंती पलीकडे त्या बसल्या होत्या. मनगट मोडून आई खाट आणि खुर्चीच्या मधे पडली होती, आणि बगळा एका पायावर उभा राहून बघत होता. खोकला नाही. साडेपाचला तुझा फोन आला, "काय दादा, सगळं ठीक ना?" तो अकरांपैकी एक.

रविवारी अकरा वाजता सगळे पुन्हा येणार आहेत. आईला वृद्धाश्रमात पाठवायच्या कागदावर सह्या करायला. तू कागद घेऊन ये, मी वही घेऊन बसतो. त्याआधी तुला एक संधी देतो. आईला अजून काही माहीत नाही. तू तिच्यासमोर बसून त्या चाळीस मिनिटांचं स्वतःच्या तोंडाने सांग. आधी तिला, मग मामांना, मग ताईला, याच क्रमाने. नाही सांगितलंस, तर मी वाचेन, एकशे ब्याण्णवच्या एकशे ब्याण्णव ओळी, तारीख आणि वेळेसकट. मला घाई नसते, हे तुला माहीत आहे. मी दया करीन असं मनात आणू नकोस. ती मी वहीच्या कुठल्याच रकान्यात लिहिलेली नाही.

एक्केचाळीसपैकी तेवीस प्रोग्राम मी बंद केले. तुझा केला नाही. हे पत्र टपालाने येणार नाही, तसं पाठवलं तर तुला पत्ता बदललाय म्हणता येईल. आईला आत्ताच काकूंकडे पोचवून आलो. तिच्या खुर्चीत बसून लिहितोय. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, पानं क्रमाने लावली आहेत, खिडकीचा उजेड कागदावर नीट पडतो की नाही तेही पाहून घेतलंय. काळी पट्टी सकाळीच काढून टाकली. चार वाजून सात मिनिटं झाली आहेत. पंखा घरघरायला लागला. दिवा लागला. वाच, हे पहिलं पान.

तुझाच,
दादा