डुकरिणीचा घास

२ नोव्हेंबर
अजनीचं रेल्वे क्वार्टर मिळालं एकदाचं! मौद्याहून सामान आल्या आल्या दामिनीनं सगळं घर फिनाइलनं पुसून काढलं. घाणीची किळस मले जेवढी, तेवढीच तिले. जोडी बरी जमली आमची. मिनू पाच महिन्यांची, अजून नुसती आईच्या दुधावर. तिचा पाळणा खिडकीपाशी बांधला. उद्यापासून मी मालगाडीवर असिस्टंट ड्रायव्हर. आई म्हणते, पोरीच्या पायगुणानं बदली झाली.

५ नोव्हेंबर
माझे ड्रायव्हर ताराचंदभाऊ दिवसभर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतात आणि त्याच बोटांनी चिमूट पुढं करतात. छी! माणूस मात्र जिवाचा. काटोलच्या पुढं जंगल लागते, तिथं नीलगाय, डुक्कर, काहीही आडवं येते, म्हणाले. भरलेली गाडी अशी थोडीच थांबते! जनावर गाडीखाली कटलं की ज्यानं त्याले हात लावला त्यानं जेवणाच्या डब्यातला पहिला घास त्याच्या नावानं तिथंच टाकायचा, त्याच हातानं, न धुता. मी पोट धरून हसलो.

११ नोव्हेंबर
आज भरदुपारी वळणावर रानडुकरीण आणि मागं पिल्लांची रांग. हॉर्न दिला, ब्रेक लावला, उपयोग शून्य. एकही पिल्लू वाचलं नाही.
उतरून ब्रेकचा पाइप पाहायचं काम असिस्टंटचं. पाइपावर केस, आतडी, शेण. डाव्या हातानं ओढून काढलं, तर थान फुटून दूध आलं, गरम, रक्तात कालवलेलं, आणि मनगटावरून कोपरापर्यंत वाहिलं. तिथंच ओकलो.
ताराचंदभाऊ वरून ओरडले, घास टाक गा! त्या हातानं मी पोळी धरू? इंजिनाआड साबणानं हात घासले, टाकला म्हणून सांगितलं आणि पुढं डबा सगळा खाल्ला.

१४ नोव्हेंबर
मनगटाचा वास जाऊन नाही राहिला. लिंबू लावलं, राख लावली, कातडी सोलली. दामिनीले काही येत नाही म्हणे.
मिनू अंगावर पीत नाही. तोंड फिरवते. दामिनीची छाती दाटून दगड झाली, बिचारी रडते. डॉक्टर म्हणाले, पोरीचं वजन तर वाढलं आहे, काहून घाबरता?

१६ नोव्हेंबर
उपाशी पोरीचं वजन वाढते कसं? आज तिनं ढेकर दिला. तोच वास. ओठाच्या कोपऱ्यात दूध होतं, गुलाबी. जिभेवर काळा राठ केस. चिमटीत धरून ओढला, तर घशातून निघतच राहिला, निघतच राहिला. दामिनीले सांगितलं नाही.

१८ नोव्हेंबर
ताराचंदभाऊले खरं सांगून टाकलं. तोंडातला खर्रा त्यांनी थुंकला नाही, गिळला. म्हणाले, घास तवाच द्याचा असते गा. तिचे पिल्लं गेले, दूध तर राहिलं नं.
वळणावर पूर्ण डबा टाकला, डाव्या हातानं. परतताना पाहिलं, तसाच पडून. मुंगीही नाही लागलेली.

२० नोव्हेंबर
पाळण्याखाली चिखल. खुरांचा. पुसला. पुन्हा आला.
मिनूले घेऊन मौद्याले आईकडं जाऊ – उद्याच –

२१ नोव्हेंबर
सामान बांधलं. दामिनी बाहेर नळावर. मी टेबलाशी, पाळण्याकडं पाठ – आता सुरू झालं – दूध ओढल्यासारखं चुपुक, चुपुक –
पाळण्याची दोरी करकरते. एवढं वजन मिनूचं नाही. वास – देवा, तो वास –
मान वळत नाही. उजवा हात लिहून राहिला म्हणून भान आहे.
ताटात पोळी आहे. डाव्या हातानं घास मोडला. न धुता. मागं धरला. घे माय, घे, माझी पोर सोड –
चुपुक थांबलं.
खाली काहीतरी उतरलं. रांगत येते.
पोळीले तोंड नाही लावलं. मनगट चाटून राहिलं – जीभ लहान आहे – लहान, मऊ – मिनू? मिनू, तू खाली कशी –
पण तिले तर अजून दात नाहीत, मग हे मनगटात रुतून राहिले ते –