वास जात नाही, नाक दमतं

४ जून
आले एकदाची! अत्तराच्या कंपनीने दिलेली खोली हातरुमालाएवढी आहे, पण खिडकी ऐसपैस. दोन खाटा लावून टाकल्या. महिन्याभरात आई माझ्या चिमीला घेऊन येईल आणि मग पोर कायमची माझ्याकडे. पाच वर्षांचं लेकरू आजीकडे ठेवून आलेय, सगळा जीव तिथे अडकलाय. कॅन्टीनवाल्या मावशींनी नाव विचारलं, घरी कोण कोण ते विचारलं, वर चहात जास्तीची साखर घातली. जमेल माझं इथे.

७ जून
काम झकास आहे. गवती चहाच्या तेलातला सिट्रल, त्यात ॲसिटोन, वरून थेंबथेंब कॉस्टिक सोडा. थंड ठेवायचं, घाई केली की हाती नुसतं डांबर. दोन रेणू एकमेकांना धरतात, पाणी निसटतं, दुहेरी बंध उरतो. झाला असंपृक्त कीटोन तयार. असंपृक्त म्हणजे अजून कुणाला तरी धरायला जागा असलेला, माझ्यासारखाच! मग आम्ल घातलं की आयोनोन. व्हायोलेटच्या फुलांचा वास.

पण दोन-चारदा हुंगलं की वास गायब. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, वास कुठे जात नाही, नाक दमतं. जितकं जवळून हुंगाल तितकं लवकर.

दाराशी पाच ॲप्रन टांगलेत, धुतलेले, बायकांच्या मापाचे. कुणाचे, विचारलं तर साहेब म्हणाले, इथे बाई पहिल्यांदाच आलीय.

१५ जून
मावशींनी आज पुन्हा नाव विचारलं. मी हसले. दुपारी साहेबांनी आपली पिशवी खुर्चीवर ठेवली. खुर्चीत मी होते. पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले.

नाक ताजं करायला सगळे आपापली बाही हुंगतात. मीही हुंगली. काहीच नाही. घामसुद्धा नाही.

२२ जून
मावशींना तीन हाका मारल्या. त्यांनी माझ्या मागच्याला चहा दिला. राजीनामा टेबलावर ठेवला, साहेबांनी त्यावर कप ठेवला.

फोनवर आईने मात्र पहिल्या शब्दाला ओळखलं. ती लांब आहे ना. जे रोज जवळ होते तेच दमले. तिला सांगणार होते, येऊ नका. तोंडातून आलं, लवकर या. फार एकटं वाटतंय —

४ जुलै
आल्या. आईने फाटकातूनच ओळखलं, वाळलीस म्हणाली. ठरवलं होतं, चिमीला लांबूनच — रोज थोडं थोडं, पुरवून पुरवून —

पोर धावत आली. मानेत नाक खुपसून खोल खोल श्वास. आईचा वास, आईचा वास, म्हणत होती. सोडवायला हवं होतं. नाही सोडवलं. उलट आवळून —

आता बसलीय. माझ्याच मांडीवर. दाराकडे बघत आजीला विचारतेय, आई कधी येणार —

आई हसली. म्हणाली, वेडे, ही काय तुझी — आणि बोट माझ्याकडे धरून ती नुसती आठवत —